व्हिडिओ गेममधला दिग्दर्शक : प्रस्तावना

२०११ च्या मे महिन्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स’ या गाजलेल्या गेमला ‘कॉल ऑफ द डेड’ नावाचा एक जोडभाग आला. सैबेरियाचा गोठलेला किनारा, बर्फात रुतलेले जहाज, एक दीपगृह आणि तिथे भयपटाच्या शूटिंगला आलेले चार नट. त्यांच्या दिग्दर्शकाच्या भूमिकेत समोर येतो तो जॉर्ज रोमेरो. १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढून चालत्या प्रेतांच्या सिनेमाला ज्याने आजचे रूप दिले, तोच हा रोमेरो. कॅमेरा सुरू होतो न होतो तोच प्रेते दिग्दर्शकावरच झडप घालतात आणि तो परततो तो त्यांच्यातलाच एक होऊन. हातात शूटिंगचा भलाथोरला दिवा, त्यातून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्या. गोळी झाडली की तो चवताळून धावत सुटतो, पाण्यात ओढून नेला की निवतो.

रोमेरोच्या चित्रपटांतली प्रेते सावकाश चालतात. भीती त्यांच्या वेगाची नसतेच. ती थांबत नाहीत, याची असते. गेममधला रोमेरोही तसाच संथपणे खेळाडूंच्या मागे फिरत राहतो, पाठ सोडत नाही. ज्या मुलाने त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही अर्ध्या तासात या दिग्दर्शकाच्या कलेचे मर्म अंगावर काट्यासारखे उमगते. चेहरा सारखा दिसतो हे तिथे दुय्यम आहे. दिग्दर्शकाची रीत खेळाच्या नियमात उतरली आहे, हे महत्त्वाचे. प्रस्तुत पुस्तक याच मुद्द्याभोवती उभे आहे.

इतिहासातली माणसे गेममध्ये आणण्याची प्रथा आता चांगली रुळली आहे. ‘असॅसिन्स क्रीड २’ मध्ये (२००९) लिओनार्डो दा विंची नायकाला यंत्रे बनवून देतो. त्याच मालिकेच्या ‘सिंडिकेट’मध्ये (२०१५) डिकन्स, डार्विन आणि कार्ल मार्क्स लंडनच्या रस्त्यांवर भेटतात. ‘द ऑर्डर : १८८६’ या गेमने तर झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना थेट लंडनमध्ये नेऊन बंडखोरांचे नेतृत्व दिले. योद्धे आहेत, संशोधक आहेत, राजे तर पैशाला पासरी आहेत. चित्रपट दिग्दर्शक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

याचे कारण दिग्दर्शकाच्या कामात आहे. तलवार चालवणे एका बटणावर बसवता येते. उन्हाची वाट पाहणे, रुसलेल्या नटाची समजूत काढणे, सावकाराला आणखी महिनाभर थोपवून धरणे, दहा चांगल्या दृश्यांतली नऊ कापणे, हे कशावर बसवायचे? या प्रश्नाला आजवर जगभर वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. नवख्या वाचकाला त्यांची ओळख आधी असलेली बरी.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे फक्त चेहरा घेणे. हिदेओ कोजिमा या जपानी निर्मात्याने ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये (२०१९) गिएर्मो देल तोरो आणि निकोलस विंडिंग रेफ्न या दोन नामवंत दिग्दर्शकांचे चेहरे पात्रांना दिले. २०२५ च्या दुसऱ्या भागात ‘मॅड मॅक्स’चे जॉर्ज मिलर आणि दिग्दर्शक फातिह अकीन यांचे चेहरे आले. देल तोरो आणि रेफ्न यांच्या पात्रांचे आवाज मात्र दुसऱ्याच नटांचे आहेत. परदेशी खेळाडूंना याचे नवल वाटले असेल. मराठी प्रेक्षकाला वाटायचे कारण नाही. तोंड एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही तडजोड आपण पार्श्वगायनाच्या रूपाने तीन पिढ्या प्रेमाने पोसली आहे. पण या वाटेने दिग्दर्शक पात्रात शिरत नाही. तो मित्राच्या घरी पाहुणा म्हणून येतो, एवढेच.

दुसरी वाट खेळाडूलाच दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसवण्याची. १९९६ साली ‘स्टीव्हन स्पीलबर्ग्ज डायरेक्टर्स चेअर’ या गेममध्ये स्पीलबर्ग स्वतः येऊन खेळाडूला चित्रपट कसा बांधायचा ते सांगतो. तयार चित्रफितींचे तुकडे जोडून खेळाडूने आपला चित्रपट करायचा. २००५ च्या ‘द मूव्हीज’ने त्याच्यापुढे मजल मारली. तिथे मूकपटाच्या काळापासून अख्खा स्टुडिओ चालवायचा, नट सांभाळायचे, पैसा जमवायचा आणि शेवटी स्वतःचा छोटा चित्रपट काढायचा. त्याच वर्षी पॅरिसच्या उपनगरांत दंगली उसळल्या, तेव्हा अ‍ॅलेक्स चॅन या फ्रेंच तरुणाने याच गेममधून ‘द फ्रेंच डेमोक्रसी’ नावाचा लघुपट करून जगापुढे ठेवला. हाती कॅमेरा नव्हता, नट नव्हते. होता तो एक गेम. दिग्दर्शकाचे सोंग घेतलेला खेळाडू खराच दिग्दर्शक झाल्याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

तिसरी वाट सॅम बार्लो यांच्या ‘इमॉर्टॅलिटी’ने (२०२२) दाखवली. यातली नटी, दिग्दर्शक आणि तीन अप्रकाशित चित्रपट सगळेच कल्पित आहेत. खेळाडूपुढे असतात ते चित्रफितींचे सुटे तुकडे. एका चौकटीतल्या आरशावर, फुलावर किंवा चेहऱ्यावर टिचकी मारली की तसाच आरसा, फूल किंवा चेहरा असलेल्या दुसऱ्या तुकड्यात उडी बसते. म्हणजे संकलकाचे काम हाच खेळ. हरवलेल्या चित्रपटाचा आणि तो करणाऱ्यांचा शोध संकलनाच्या मेजावर घ्यायचा. ज्या देशाने आपले मूकपट जवळजवळ सगळे गमावले, त्या देशाच्या वाचकाने या गेमकडे विशेष लक्ष द्यावे असे या पुस्तकाला वाटते.

कारण आपल्याकडे ही बाब नुसत्या कुतूहलाची राहत नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले मूठभर उरले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. आज त्याचा काही भागच पाहायला मिळतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जपून ठेवलेल्या जुन्या रिळांचा मोठा ठेवा खाक झाला. चित्रपट गेला की मागे उरतो तो चित्रपट करणारा माणूस आणि त्याच्या खटपटीची हकिकत.

ही खटपट पडद्यावर दाखवण्याची पहिली कल्पनाही ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचीच. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपट केला. त्यात स्वतः फाळके नटांना सूचना देताना, फिल्म तपासताना दिसतात. भारतातला चित्रपटकार पात्र म्हणून पडद्यावर आला तो असा, स्वतःच्याच हाताने. पुढे परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) नंदू माधव फाळके झाले आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. जगण्यातल्या मौजेवर भर देणारा तो चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. ‘बालगंधर्व’ (२०११) आणि भगवानदादांवरचा ‘एक अलबेला’ (२०१६) हे त्याच वाटेवरचे. मराठीत कलावंतांच्या चरित्रपटांची एक परंपराच यातून उभी राहिली.

चरित्रपटाची ताकद मोठी, पण एक गोष्ट त्याला साधत नाही. फाळक्यांनी भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीत रोवलेल्या बीचा वेल होईपर्यंत एकेक चौकट टिपली, हे पडद्यावर अर्ध्या मिनिटात उरकते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. गेममध्ये मात्र खेळाडूला रोज कुंडीजवळ यावे लागेल, हँडल एकदाच फिरवावे लागेल आणि घरात पैसे संपत आले असताना दुसरा दिवस उजाडायची वाट पाहावी लागेल. हट्ट कशाला म्हणतात ते तेव्हा कळेल. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढायचे की नाही, हा निर्णय खेळाडूच्या बोटाशी येईल.

आता सातारा-सांगलीकडे. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिताना कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई ही नावे येतात आणि कृष्णा-वारणेच्या काठचा हा टापू मागे राहतो. हे अन्यायाचे आहे, आणि या पुस्तकाने त्याची भरपाई करायचे मनावर घेतले आहे.

सुरुवात सांगलीच्या विष्णुदास भाव्यांपासूनच करावी लागते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या या तरुणाला तसे काही करायला सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण. पण भाव्यांचे आणखी एक काम या विषयाला अधिक जवळचे आहे. त्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या, दोऱ्यांनी हलणाऱ्या, रामायणातली पात्रे होणाऱ्या. रामदास पाध्ये यांनी त्या पुढे जतन करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला, तेव्हा कथेतले दुवे त्यांनी छायाबाहुल्यांच्या रूपातच मांडले. भाव्यांपासून राजीपर्यंत सरळ वंशरेषा ओढणे धाडसाचे होईल. तरी आपल्या हालचालीने हलणारे पात्र आणि त्यातून सांगितलेली पुराणकथा या भूमीला परकी नाही, इतके म्हणायला हरकत नसावी.

त्यानंतरची हकिकत दुःखाची आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांची १९१८ ची बळवंत संगीत मंडळी बोलपटाच्या लाटेत डळमळली, तेव्हा तिने सांगलीत बळवंत पिक्चर्स काढून स्वतःच त्या लाटेत उडी घेतली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केला. चित्रपटाने कंपनीला तारले नाही, कर्ज डोक्यावर आले आणि मंगेशकरांचे भरले घर विस्कटले. लता मंगेशकरांच्या बालपणावर या अपयशाची सावली आहे. कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ आणि बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ ही दोन्ही आत्मचरित्रे साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवलेली. त्या काळातली माणसे त्यांत जिवंत भेटतात. बहुतेक गेम खेळाडूला जिंकवण्यासाठी बांधलेले असतात. सांगलीची ही कथा जो कोणी गेममध्ये आणील त्याला हरणे बांधावे लागेल: प्रत्येक निर्णय त्या क्षणी शहाणपणाचा वाटतो आणि तरी शेवटी कंपनी बुडते, अशा प्रकारे.

याच्या अगदी उलट कथा औंधची. सातारा जिल्ह्यातले हे छोटे संस्थान, आणि त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती नसलेला तुरुंग. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचे, पळून जायला वाट मोकळी. आटपाडीचा तो मुलूख तेव्हा औंधचाच होता आणि माडगूळचे गजानन दिगंबर माडगूळकर औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांनी या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) केला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले.

शांताराम यात नुसते दिग्दर्शक नाहीत. जेलर आदिनाथही तेच आहेत. सहा खुनी कैद्यांना तो माळरानावर नेतो, आणि त्यांना बांधून ठेवते ती फक्त त्याच्या डोळ्यांची याद. बैलाशी झुंजीच्या दृश्यात शांतारामांच्या डोळ्यांनाच गंभीर इजा झाली. दिग्दर्शकाची सारी पुंजी म्हणजे त्याची नजर, आणि त्या नजरेवरचाच चित्रपट करताना तिच्यावर घाला. गेम रचणाऱ्याला यापेक्षा समृद्ध सामग्री कुठे मिळेल? जेलरने कुणावर किती विश्वास टाकायचा, कुलूप कधी काढायचे, पळालेल्याच्या मागे धावायचे की वाट पाहायची, हे नियम आयते आहेत. आणि दिग्दर्शकाला आपल्या नटसंचापुढे तेच प्रश्न पडतात. स्वतंत्रपूर आजही सांगली जिल्ह्यात आहे.

या पुस्तकाचा गाभा मात्र आणखी हसऱ्या चित्रपटात आहे. १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शक राजा परांजपे मिरजेचे. कथा, पटकथा, गीते माडगूळकरांची. नायकांच्या जोडीतला एक स्वतः परांजपे आणि दुसरा राजा गोसावी, साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा. मिरज, माडगूळ, कुरोली अशा तीन गावांची माणसे पुण्यात एकत्र आली आणि मराठी विनोदी चित्रपटाला नवा घाट मिळाला. गोसाव्यांनी त्याआधी मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम केले होते. भानुविलास थिएटरात ते तिकिटे विकत असत आणि पडद्यावर नायकही तेच होते, ही हकिकत पुण्यात अजून सांगितली जाते.

चित्रपटाची कल्पना ठाऊक असेलच. मुलीचा श्रीमंत बाप फटिंग प्रियकराला लाख रुपये देतो आणि महिन्याभरात ते उडवून दाखवायची अट घालतो. पैसे मिळवण्याची नव्हे, घालवण्याची अट, मुदत ठरलेली, आणि पैसा मात्र काही केल्या संपत नाही. हा तर नियमांसह तयार गेम आहे. सत्तर वर्षांपूर्वी माडगूळकरांनी तो लिहून ठेवला. त्यात दिग्दर्शकच पात्र होऊन वावरतो. परांजप्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) आणि ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) यांतही मध्यवर्ती भूमिका स्वतः केल्या. चेहरा करुण, चालण्यात किंचित संकोच, आणि दुःखाच्या कडेला उभा असलेला विनोद. या दिग्दर्शकाला गेममध्ये आणायचे तर पुतळ्यासारखे चेहऱ्याचे मोजमाप पुरणार नाही. त्याच्या वेळेचा अंदाज पकडावा लागेल: हसू फुटायच्या आधी तो किती थांबतो तो क्षण.

इथे एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. आज संगणकाला चार छायाचित्रे आणि काही मिनिटांचा आवाज दिला की दिवंगत माणूस बोलता-चालता उभा करता येतो. रोमेरोने स्वतः होकार दिला होता, देल तोरोनेही. परांजपे १९७९ साली गेले. त्यांना कोण विचारणार? चित्रपटाचे हक्क भारतीय कायद्यानुसार प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी खुले होतात, लेखन आणि गीतांचे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी. चेहऱ्याच्या बाबतीत इतका सरळ हिशेब नाही. म्हणून कुटुंबीयांची संमती, आवाजाची उसनवारी उघड सांगणे आणि न बोललेली वाक्ये त्या माणसाच्या तोंडी न घालणे, ही तीन पथ्ये या पुस्तकाने आग्रहाने मांडली आहेत. त्यांत सूट नसावी.

दुसरा धोका भक्तीचा. दिग्दर्शकाला नायक केले की बाकी सारे त्याच्या सावलीत जातात. सरस्वतीबाई फाळके रात्री फिल्मला भोके पाडत, ती धूत आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत. उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता दोन्ही. सातारा-सांगलीच्या जत्रांतून तंबू ठोकणारे, बैलगाडीतून किंवा टेम्पोतून फिल्मचे डबे वाहणारे, तुटलेले रीळ अंधारात जोडणारे ऑपरेटर कुठल्याच श्रेयनामावलीत नाहीत. गेमचे एक मोठे सुख असे की खेळाडूला कुणाच्याही जागी उभे करता येते. दिग्दर्शकाशेजारी उभे राहून त्याच्याकडे पाहणारे पात्र बहुधा अधिक सांगून जाईल. या पुस्तकाचा कल त्याच बाजूला आहे.

हे सारे आत्ताच का? पुण्यात गेम करणारे स्टुडिओ उभे राहिले आहेत. कऱ्हाड, इस्लामपूर, मिरजेची मुले तिथे नोकरीला जातात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आणली आणि इतर गेमांना वेगळे स्थान दिले. घरोघरी ‘गेम’ म्हटल्यावर आईबापांच्या मनात जुगाराचीच शंका येत होती; ती दूर करण्याची ही वेळ आहे. शिवाय वाईजवळच्या मेणवलीचा घाट ‘स्वदेस’पासून देशभर पाहिला गेला, पण बहुतेकांना तो कुठला हे ठाऊक नाही. या टापूने चित्रपटाला नुसत्या जागा पुरवल्या नाहीत, माणसे आणि कथा पुरवल्या, हे सांगणारे काहीतरी इथल्याच मुलांच्या हातून व्हावे, ही या पुस्तकामागची तळमळ आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगितलेली बरी. हा गेमचा इतिहास नाही आणि मराठी चित्रपटाचाही नाही. संगणकाची भाषा शिकवणारी प्रकरणे इथे मिळणार नाहीत. एकेका दिग्दर्शकाचे काम कोणत्या अटींखाली झाले, त्या अटी खेळाचे नियम म्हणून कशा मांडता येतील आणि कुठे मांडू नयेत, एवढ्यापुरतेच ते बोलते. फाळके, बाबूराव पेंटर, दीनानाथ, शांताराम, परांजपे हे त्यातले मुक्काम. गाभा ‘लाखाची गोष्ट’ असला तरी कोल्हापूरचे मूकपटकार बाबूराव पेंटर यांच्यावर सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत, कारण त्यांनी कॅमेराच स्वतः घडवला होता, आणि घडवणे हे गेमच्या स्वभावाला सर्वांत जवळचे काम आहे.

ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही त्यांनी आधी ‘लाखाची गोष्ट’ पाहावा, कागद-पेन्सिल घेऊन, कोणत्या दिवशी किती रुपये गेले आणि किती परत आले याची नोंद करत. ज्यांनी फक्त गेम खेळले आहेत त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’पासून सुरुवात करावी. मग पहिले प्रकरण.